आईच्या मशीनवरचा हक्क

प्रिय ताई,

काल इस्त्रीवाल्याच्या फोनवरून 'माझं पत्र येईपर्यंत ती हरकत पाठवू नकोस' एवढंच बोललो आणि फोन ठेवला. तू का रे, का रे करत राहिलीस. रागावली असशील. माझा फोन कंपनीने दिलेला आहे, त्यावर हे बोलायचं नव्हतं, हे एक झालं. पण खरं सांगायचं तर तुझा आवाज कानात असताना हे माझ्या तोंडून निघालंच नसतं. आठवीत शाळा सोडल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

तू सगळ्यांना सांगतेस, आमचा भिंगऱ्या शेवटी एका जागी टिकला. फरशा वाहिल्या, गॅरेज केलं, गोदामात खोकी लावली, कुठे बूड म्हणून टेकलं नाही आणि आता बघा, एसीत बसून कॉम्प्युटरवर काम करतो. कसलं काम, ते तू विचारलंस की मी 'तपासणीचं' म्हणून विषय बदलायचो. ताई, आम्ही लोकांच्या गोष्टी नेटवरून उतरवतो. गिऱ्हाईक म्हणतं अमुक व्हिडिओ नको, की आम्ही त्यात आपल्या मालकीचं काहीतरी शोधायचं. फोटो, गाण्याचा तुकडा, नुसता आवाजसुद्धा चालतो. कंपनीकडे आवाजांचं कोठारच आहे. दार, पाऊस, हॉर्न, पंखा. व्हिडिओत पंखा ऐकू आला की लिहून द्यायचं, हा पंखा आमचा, यांनी चोरला. नवा कायदा आल्यापासून वेबसाइटवाले आधी व्हिडिओ उतरवतात आणि खरंखोटं मग बघतात. सुरुवातीला सिनेमे चोरणारे असायचे, तेव्हा मला पोलिसात लागल्यासारखं वाटायचं. मग एक दातांचा डॉक्टर आला. त्याने एका बाईची चांगली दाढ उपटली होती आणि ती बाई ते सगळ्यांना सांगत होती. तिच्या मागे रस्त्यावर कुत्रं भुंकत होतं, त्या भुंकण्यावर आम्ही तिचा व्हिडिओ उतरवला. शेजारच्या टेबलावरचा चष्मिस म्हणाला, कुत्र्याला मानधन पाठवायला हवं. सगळे हसले. मीही हसलो.

आणि मग तुझा व्हिडिओ आला. त्यात तुझा चेहरा नाही, नाव नाही, टेबलावर फक्त दोन हात आणि कागदाची कापलेली दुकानं. पण इस्त्रीचा तो डाग असलेलं बोट मी ओळखणार नाही का? किती सोपं करून सांगितलंयस गं तू. कुणीतरी येऊन म्हणालं की तुमच्या दुकानाची पाटी माझी आहे, तर आधी तुमचं शटर खाली आणि चौकशी सावकाश, असा हा कायदा आहे. मग ते कागदाचं छोटं शटर तू बोटाने खाली ओढतेस. या कायद्याविरुद्ध तुमच्या गटाने दिलेल्या हाकेवर एवढ्या दुकानदारांनी एक दिवस आपापली नेटवरची पानं काळी केली, ती याच व्हिडिओमुळे, असं मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे आमच्या वरच्या. गिऱ्हाईक घाईत आहे, म्हणाल्या, आणि काम मला दिलं. तेव्हा मी म्हणू शकलो असतो की माझं पोट दुखतंय. चष्मिसकडे सरकवू शकलो असतो. पण सगळ्यांमधून मला निवडलं, याचाच मला आनंद झाला होता.

शोधायला बसलो तर काही सापडेना. शब्द तुझे, कागद तुझे, हात तुझे. मग हेडफोन घातले. तुझ्या बोलण्याच्या मागे, आतल्या खोलीत, आईची शिवणाची मशीन चालू होती. मध्ये थांबत होती, कापड फिरवून पुन्हा सुरू होत होती आणि पट्ट्याचा जोड चाकावरून गेला की तो बारीक टक् यायचा. मी डोळे मिटले असते तर घरीच होतो. डोळे मिटले नाहीत. कोठारातली एक शिलाई मशीन काढली, शेजारी लावली आणि लिहून दिलं की दोन्ही आवाज एकच आहेत आणि आमच्या मालकीचे आहेत. दुपारी जेवायच्या आत तुझा व्हिडिओ गेला. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, कान आहेत बाबा याला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, ताई. हे मला सारखं आठवतं.

जेवताना मॅडम आणखी एक बोलल्या. मशीनचा आवाज कुणाला हवाय, म्हणाल्या, गिऱ्हाइकाला नाव हवंय. व्हिडिओ उतरला की त्याचा मालक चिडून हरकत पाठवणार आणि हरकत पाठवायची तर खरं नाव आणि घरचा पत्ता द्यावाच लागतो. त्याची प्रत तक्रार करणाऱ्याकडे, म्हणजे आमच्याकडे येते. याआधी एका मास्तरांनी अशी हरकत पाठवली होती. थोड्याच दिवसांत त्यांनी आपलं पान आपणच बंद केलं. त्यांच्या घरी कोण गेलं, काय बोललं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पान बंद झालं त्या संध्याकाळी ऑफिसात आइस्क्रीम आलं होतं. मी दोन खाल्ली.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि परवा तुझा फोन आला. तू हसत होतीस, पण आवाज बसलेला होता. म्हणालीस, "अरे, आईच्या मशीनच्या आवाजावर कुणीतरी हक्क सांगितलाय. आई विचारतेय, मशीन परत द्यावी लागेल का?" मी काय बोललो ते तुला आठवत असेल. तुला कुणी सांगितलेत नसते उद्योग, असं म्हणालो मी, मोठ्या माणसासारखं. मग तू म्हणालीस की तुमच्या गटाच्या वकीलबाई बाहेरगावाहून आल्या की हरकत पाठवणार, स्वतःच्या नावाने, घरच्या पत्त्यासकट. चोरी केली नाही तर तोंड कशाला लपवायचं, म्हणालीस. आणि मी म्हणालो, बघ बाई, तुझं तू. एवढंच. मग रेंज जातेय म्हणून ठेवला. रेंज चांगली होती. खोलीतल्या दोघांनी विचारलं काय झालं, तर त्यांना म्हटलं, काही नाही, बहीण आहे. नंतर नळाखाली ताट धूत उभा राहिलो ते धुऊनही धूतच राहिलो.

काल सकाळी मॅडमकडे गेलो, ती तक्रार चुकून झाली, मागे घेऊ या, म्हटलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं की इथे चुकून काही होत नसतं. मागे घ्यायचं बटण त्यांच्याकडेच आहे. म्हणून हे पत्र, ताई. क्षमेसाठी नाही, ती तू करशील तेव्हा कर, नाहीतर नको करू. हरकत पाठवू नकोस, आपल्या घराचा पत्ता त्यांच्या हाती देऊ नकोस. त्याऐवजी हे पत्र वकीलबाईंना दे, त्या स्वतःच्या नावाने काय ते करतील. तुला नुसतं कंपनीचं नाव दिसलं असेल, पण तक्रारीखाली ज्याची सही आहे तो मी आहे आणि तो आवाज आपल्या घरातला आहे हे माहीत असून मी खोटं लिहून दिलं, हे माझ्या हाताने इथे लिहिलेलं आहे. नंतर ते तुमच्या पानावर टाक, सगळं, आइस्क्रीमसकट. पण आधी आईला वाचून दाखव, तिला बाहेरून कळायला नको. मी तुला ओळखतो, माझं नाव तू काळं करून टाकशील, धाकटा आहे म्हणशील. तसं करू नकोस. भिंगऱ्या हे घरातलं झालं. कागदोपत्री जे आहे ते पूर्ण नाव मागच्या बाजूला लिहिलंय आणि त्याखाली सही केली आहे. ते झाकलंस तर या पत्राचा काही उपयोग नाही.

नोकरी उद्या सोडतो. कुठे जाईन ते ठरलं की कळवीन.

अजूनही म्हणशील तर तुझाच,
भिंगऱ्या