उजवे पान माझे, डावे पान त्यांचे

"बाई, उपमा सुंदर आहे तुमची, पण मुलं तिच्यात राहायला गेली आहेत."

एकवीस वर्षांपूर्वी शिक्षकांच्या खोलीत आमच्या गणिताच्या बाई मला असे म्हणाल्या. माझ्या मृत्युपत्राची सुरुवात मी या वाक्याने करते, कारण मागे ठेवण्यासारखे माझ्याकडे जे काही आहे, ते बरेचसे त्यातूनच आले.

मी, वय सत्तेचाळीस, शाळेत विज्ञान शिकवणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने हे लिहीत आहे. येत्या सोमवारी माझे ऑपरेशन आहे. डॉक्टरांना आशा आहे, मलाही आहे. तरी मागचे आवरून निघालेले बरे.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा माझ्या नवऱ्याला मिळावा. बँकेतली शिल्लक मुलीला. तिने ती शिक्षणावर खर्च करावी. कोणते शिक्षण, हे तिच्या आत्याने ठरवू नये.

२. शाळेतल्या माझ्या कपाटात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात एक जुनी झिप, स्पंज, किल्लीसकट कुलूप आणि चहाच्या चार गाळण्या आहेत. ती यंदा रुजू झालेल्या विज्ञानाच्या नव्या शिक्षिकेला द्यावी. मुलांच्या हातात आधी वस्तू द्यायची, शब्द नंतर, एवढेच तिला सांगणे आहे. "आमची गाळणी शाळेत मूत्रपिंड म्हणून नोकरीला लागली," असे माझा नवरा पाहुण्यांना सांगतो. दर वेळी त्याने कुरकुर न करता नवी आणली आणि दर वेळी मी तीही नेली. त्याचे उपकार या कलमात मावणार नाहीत.

३. आता वही. हे मृत्युपत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी सातवीला शिकवले की पेशी म्हणजे एक कारखाना. वर्ग खूश, मी त्याहून खूश. परीक्षेत निम्म्या मुलांनी पेशीला धुराडे काढले. एका मुलीने लिहिले, "पेशी रविवारी बंद असते." तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर सुनावले, "गोष्टी सांगायच्या असतील तर बालवाडीत जा," आणि वर्षभर सातवी काढून घेतली. त्यांच्यावरचा राग मी कोणाच्याही नावे करत नाही. तो माझ्याबरोबर संपावा.

त्याच दिवशी गणिताच्या बाई ते वाक्य बोलल्या. मी दोन महिने त्यांच्याशी अबोला धरला. मग एक दोनशे पानी वही घेतली, उजव्या पानावर कारखान्याची उपमा लिहिली आणि वही त्यांच्यापुढे आपटली. "कुठे चुकलं ते तुम्हीच लिहा."

त्यांनी डाव्या पानावर लाल पेन्सिलीने मथळा घातला, 'येथे मोडते', आणि खाली सात कारणे लिहिली.

तेव्हापासून तोच नेम झाला. डाव्या पानावरचे वर्गात सांगितल्याशिवाय मी उजव्या पानावरचे शिकवले नाही. हृदय म्हणजे पंप, असे मी लिहिले, समोर त्यांनी लिहिले, "पंप घाबरत नाही." दुसऱ्या दिवशी वर्गात यावरून जितकी चर्चा झाली, तितकी माझ्या कुठल्याही चांगल्या उपमेने झाली नव्हती. मुलांना उपमा पटते तेव्हा ती मान डोलावतात. ती मोडायला दिली की विचार करू लागतात. हे मला बीएडला कोणी शिकवले नव्हते.

एका प्रकाशकांना फक्त उजवी पाने छापायची होती. डाव्या पानांनी वाचक नाउमेद होतो म्हणे. मी नाही म्हटले. माझ्या पश्चातही कोणी ही पाने वेगळी करू नयेत.

४. गेल्या महिन्यात तपासणीचा निकाल आला तेव्हा या बाई माझ्याबरोबर होत्या. डॉक्टर मला म्हणाले, "हे युद्ध आहे. तुम्ही लढायचं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "डॉक्टर, ही उपमा कुठे मोडते, माहीत आहे?"

"म्हणजे?"

"उद्या हिला बरं वाटलं नाही, तर ही नीट लढली नाही म्हणायचं का? दुसरं काहीतरी सांगा. नाहीतर सरळ सांगा, काय कापणार आणि किती दिवस दुखेल."

डॉक्टरांनी सरळ सांगितले. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी झोपले. माझ्यावरचे एवढे मोठे ओझे त्यांनी तिथल्या तिथे उतरवले, आणि रिक्षात बसल्यावर भाड्यावरून भांडल्या.

५. सबब, ती वही गणिताच्या बाईंना मिळावी. मी त्यांना विचारले, तर म्हणाल्या, "तुमची वही तुम्हीच सांभाळा. मी हात लावणार नाही." वही घेतली म्हणजे माझे जाणे मान्य केले, असे त्यांना वाटते. त्या घेईपर्यंत नवऱ्याने ती आपल्या घड्याळांच्या दुकानात, दुरुस्तीला आलेल्या घड्याळांच्या कपाटात ठेवावी आणि दर महिन्याला त्यांना विचारावे. चिडल्या तरी विचारावे.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: १४ मार्च.

लिहून ठेवणारीची सही.

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
साक्षीदार पहिल्या, शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू.
साक्षीदार दुसरे, शाळेच्या प्रयोगशाळेचे सहायक.

(गणिताच्या बाईंना साक्षीदार होता आले नाही. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष द्यायची नसते, हे त्यांनीच मला बजावले. पण मग वही घेणार नाही म्हणता त्याचे काय, असे मी विचारल्यावर चहा टाकायला उठल्या.)

वकील म्हणतात, सहीनंतर लिहिलेल्याला कायदा विचारत नाही. म्हणून हे मुद्दाम सहीच्या खाली लिहिते.

बाई, वहीत शेवटचे एक उजवे पान कोरे आहे. एकवीस वर्षांत तुम्ही स्वतः एकही उपमा केली नाही. "मला ते जमत नाही," म्हणता. त्या पानावर एक लिहा. कशाचीही चालेल. आणि तिच्या समोर, डाव्या पानावर, काही लिहू नका.