एवारिस्तोची जागा

सांता इनेस,
७ एप्रिल १९८७

चि. सौ. निदियास,
अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. दक्षिणेतल्या वाऱ्याने तुझ्या छपराचे पत्रे उडाले हे वाचले. पत्र्यांवर दगड ठेवा. नुसत्या तक्रारींनी पत्रे जागेवर राहत नाहीत.

रविवारचा आपल्या हिरव्यांचा आणि लालांचा फुटबॉल सामना तुम्ही रेडिओवर ऐकलाच असेल. रेडिओने सांगितले नाही ते मी लिहिते. सामना संपत आला असताना लालांचा एक तरुण मधले कुंपण चढून आपल्या बाजूला आला. त्याला आपला मोठा झेंडा ओढून न्यायचा होता. चाहत्यांच्या ज्या टोळीचा झेंडा दुसऱ्यांच्या हाती जातो, तिने गोलामागे उभे राहायचे नाही, ढोल वाजवायचे नाहीत, गुपचूप घरी बसायचे, हा नियम तुला माहीत आहेच. नदीपलीकडच्या गावची टोळी अशीच संपली होती. हा एकटा निघाला होता आपली संपवायला. तारेत त्याची पँट अडकली आणि तो डोक्यावर आपटला. मग आपल्या टोळीने पडलेल्यालाच मारले. लोखंडी नळीने, बुटांनी, पट्ट्यांच्या बकलांनी. पोलीस कुंपणाला टेकून सिगारेट ओढत होते. मी माझ्या नेहमीच्या बाकावर होते, सगळे डोळ्यांनी पाहिले. तो एवारिस्तो, कत्तलखान्यातल्या कासिमिरोचा एकुलता एक मुलगा.

तुझा लेक दारिओ टोळीत ढोल वाजवत होता. मध्येच त्याचा ढोल थांबला. टोळीतल्या कुणीतरी त्याला खडसावले की हात मोडले की काय, वाजव. तो वाजवायला लागला, पण ताल चुकत होता. घरी आल्यापासून नीट जेवत नाही. जेवेल. पोट कुणाचे ऐकत नाही.

झेंडा नेहमीप्रमाणे दुरुस्तीला माझ्याकडे आला आहे. मध्यभागी फटाक्याने भोक पडले आहे आणि एका कोपऱ्याला रक्त. नेस्तोर स्वतः घेऊन आला. आता टोळीचा म्होरक्या आहे, पण माझ्या वर्गात दोनदा नापास झालेला. स्वयंपाकघरात बसून मांस भरलेल्या चार एम्पानादा खाल्ल्या आणि रंगवून सांगू लागला की बाई, तुम्ही पाहिलंत ना, तो कत्तलखान्यातला आतडीवाला कसा किंचाळत होता. मी त्याला आधी हात धुऊन ये म्हटले.

तुला आणि आल्दोला जोडीने आशीर्वाद. वरचेवर पत्र पाठवत जा, म्हणजे माया आहे असे समजेन.

तुझी ताई,
सुलेमा


कोमोदोरो,
२१ एप्रिल १९८७

ती. सुलेमाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र्यांवर दगड ठेवले. आता दगडही उडतात.

सामना आम्ही ऐकला. रेडिओ नीट लागावा म्हणून आल्दो तार हातात धरून छपरावर उभा होता. गोल झाला तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले आणि तार सुटली, त्यामुळे पुढची पाच मिनिटं काय झालं ते आम्हाला अजून माहीत नाही. मी त्याला म्हटलं की बाबा असते तर गोल होऊनही तार सोडली नसती.

त्या पोराचं वाईट वाटलं. पण ताई, कुंपण चढून यायला त्याला कुणी बोलावलं होतं? तिकडे आपल्यातला कुणी गेला असता तर त्यांनी काय ओवाळलं असतं? कत्तलखान्याची माणसं ती. होईल बरा.

दारिओला माझ्याकडून दोन धपाटे घाल आणि जेवायला लाव. म्हणावं, ढोलाचा ताल चुकला तर आजोबा कबरीतून उठून येतील. त्याने मला दोन महिन्यांत ओळ लिहिलेली नाही. कुणी पोरगी आहे का तिकडे? असली तर हिरव्यांतलीच असू दे.

तुझी करडी अक्षरं वाचली की घर जवळ वाटतं. अशीच रागावत जा.

तुझी,
निदिया


सांता इनेस,
१९ मे १९८७

चि. सौ. निदियास,
अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच. आल्दोला आत्ताच दाखवू नकोस.

पोरगी नाही. पोरगी असती तर बरे झाले असते.

त्या मारहाणीनंतर दारिओ इस्पितळात गेला. मला न विचारता गेला. एवारिस्तो अजून शुद्धीवर नाही. बाहेरच्या बाकावर कासिमिरो बसला होता. त्याने दारिओच्या गळ्यातला हिरवा रुमाल पाहिला आणि तोंडावर ठोसा मारला. दात पडला. तुझ्या मुलाने दात खिशात घातला आणि विचारले की रक्त कुठे द्यायचे. रक्त दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही. मी अडवले नाही. आजाऱ्याला भेटणे हे चांगल्या घरातले वळण आहे.

पण परवाच्या रविवारी तो लालांच्या मैदानावर गेला, लालांच्या स्टँडमध्ये, आणि कासिमिरोशेजारी एवारिस्तोच्या जागेवर बसला. एवारिस्तो पाळण्यात असल्यापासून बापलेक त्याच दोन जागांवर बसत आले, आणि म्हाताऱ्याला शेजारची जागा रिकामी बघवत नव्हती, असे दारिओचे म्हणणे. लालांनीही त्याला ओळखले. हिरवा बेडूक, हिरवा बेडूक ओरडत पायऱ्यांवरून खाली ढकलला, डोळा सुजवला. तेव्हा कासिमिरो उठला आणि म्हणाला की याला पुन्हा कुणी हात लावला तर आधी माझ्याशी गाठ आहे, हा माझ्या मुलाच्या जागेवर बसलाय. मग दारिओ तिथेच बसला, शेवटची शिट्टी होईपर्यंत.

मी त्याला स्पष्ट विचारले की तू लाल झालास का. तो म्हणाला की नाही मावशी, मी फक्त जागा धरून ठेवतोय. मी विचारले की त्यांनी गोल केला तेव्हा काय केलेस. तो म्हणाला की म्हातारा उठला म्हणून मीही उठलो. निदिया, मी त्याचे ताट अंगणात नेऊन ठेवले. बाबांच्या टेबलावर लालांच्या गोलाला उठणारा माणूस जेवणार नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. बेकरीवाली मला पाव देताना तोंड फिरवते. समोरच्या भिंतीवर कुणीतरी चुन्याने लिहिले आहे की इथे फितूर राहतो. अक्षर माझ्याच एका विद्यार्थ्याचे आहे, वळण ओळखले.

तू आई आहेस. तू लिही त्याला. तुझा राग माझ्यावर काढलास तरी चालेल, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी ताई,
सुलेमा


कोमोदोरो,
१ जून १९८७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आल्दोने पत्र वाचलं आणि सूपची थाळी भिंतीवर फेकली. मी भिंत पुसली नाही. तो डाग तसाच राहू दे.

बाबांची शवपेटी आपण हिरव्यात गुंडाळून नेली होती. मी दारिओच्या वेळी सात महिन्यांची गरोदर होते तेव्हा त्याचं नाव क्लबात घातलं, अजून सरकारी दाखलाही नव्हता. आणि हा लालांच्या गोलाला उठतो? त्याला सांग की आई म्हणाली, तसल्या तोंडाने घरी येऊ नकोस. सांग की जागा धरायची एवढी हौस असेल तर चर्चमध्ये जाऊन बस, तिथे भरपूर रिकाम्या आहेत.

तूही मऊ पडली आहेस, ताई. अंगणात ताट कसलं ठेवतेस? ताटच ठेवू नकोस.

कोणता दात पडला? पुढचा का?

रागाच्या भरात आहे, पण तुझीच,
निदिया


सांता इनेस,
३० जून १९८७

चि. सौ. निदियास,
अ. उ. आ.

पुढचा.

एवारिस्तो शुक्रवारी गेला. शुद्धीवर आलाच नाही. शवपेटीच्या एका कोपऱ्याला तुझ्या मुलाने खांदा दिला. स्मशानाच्या फाटकात नेस्तोरची माणसे उभी होती. त्यांनी दगड मारले. मेलेल्याच्या पेटीवर दगड, निदिया. एक कासिमिरोच्या कपाळाला लागला, तरी तो चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी रेल्वे वर्कशॉपच्या दारात चौघांनी दारिओला धरले. त्याचा उजवा हात रुळावर ठेवला आणि घण घातला. त्याचाच ढोल गळ्यात अडकवून त्याला फाटकाजवळ टाकून दिले. पोलीस शिपाई माझ्या दारात आला आणि म्हणाला की तुमच्या भाच्याला अपघात झालाय. मी त्याला विचारले की घण आपोआप पडला का. तो सलाम ठोकून चालता झाला. त्यांचा साहेबच दर रविवारी टोळीच्या पहिल्या रांगेत असतो. डॉक्टर म्हणतात की बोटे राहतील, पण वळणार नाहीत.

आता खरी गोष्ट. नेस्तोर आला होता. टोपी काढून बसला. म्हणाला की बाई, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून सांगायला आलो. दोन ऑगस्टला लालांच्या मैदानावर पुन्हा त्यांच्याशी सामना आहे, आणि त्या दिवशी पोरगा त्या जागेवर बसला तर तो कासिमिरोच्या मुलासारखाच जाईल. घरात कोंडलात तर घरातून काढू. एकाला सोडलं तर उद्या दहा जातील. एवढे बोलून त्याने विचारले की झेंडा शिवून कधी मिळेल. मी म्हटले, सामन्याच्या दिवशी.

मी दारिओला तुझ्याकडे जा म्हणून सांगितले, आज्ञा केली, मग विनवले. मी कधी कुणाला विनवले नव्हते. तो म्हणतो की म्हातारा त्या दिवशी एकटा बसणार नाही. हा हट्ट कुणाकडून आला ते तुला आणि मला दोघींना ठाऊक आहे.

आता तो टेबलावर जेवतो. डाव्या हाताने.

धीर धर आणि माझ्यावर भरवसा ठेव. एवढेच मागते.

तुझी ताई,
सुलेमा


कोमोदोरो,
११ जुलै १९८७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागचं पत्र फाडून टाक. मी ते लिहिलंच नव्हतं असं समज.

त्याला कुठं बसायचं तिथं बसू दे. लाल घालू दे, केस लाल रंगवू दे. मला तो जिवंत हवा आहे. आल्दो येतो म्हणाला, मीच अडवलं, दोघांना कुठून आणू परत? दारिओ आमचं पत्र उघडतो की नाही तेही मला माहीत नाही.

ताई, एक बोलते, रागावू नकोस. आयुष्यभर तू दोनच गोष्टींवर जीव टाकलास, बाबांवर आणि क्लबावर. लग्नसुद्धा केलं नाहीस, कारण तो माणूस रविवारी चित्रपटाला चल म्हणाला होता. हे मी लोकांना हसत सांगत आले. आज हसू येत नाही. आज मला तुझ्याकडे असं काही मागायचं आहे की लिहितानाही लाज वाटते. म्हणून लिहीत नाही. तुला समजलं असेल. एका बाजूला क्लब, एका बाजूला माझा मुलगा, एवढंच.

पदर पसरते,
निदिया


सांता इनेस,
१८ ऑगस्ट १९८७

चि. सौ. निदियास,
अ. उ. आ.

तार मिळाली असेलच. दारिओ सुखरूप आहे. बाकीचे आता लिहिते.

सामन्याच्या सकाळी कासिमिरोची मांसाची गाडी माझ्या दारात आली. मी त्याला आदल्या दिवशी निरोप पाठवला होता. झेंडा मी चादरींत गुंडाळला, वर मळके कपडे टाकले आणि गाडीत त्याच्या शेजारी बसले. रेल्वे फाटकावर नेस्तोरची दोन पोरे उभी होती. त्यांनी मला नमस्कार केला आणि कुठे निघालात म्हणून विचारले. मी म्हटले, कपडे धुवायला. त्यांनी फाटक उघडून धरले.

कासिमिरो वाटेत फक्त एकदा बोलला. म्हणाला की बाई, हे केल्यावर तुम्हाला परत फिरता येणार नाही. मी त्याला म्हटले की मागे बघू नका, पुढे ट्रक आहे.

आई आणि मी शिवलेला तो चाळीस मीटरचा झेंडा लालांनी स्वतःच्या स्टँडवर उलटा टांगला. मी त्याच्याखाली कठड्याला उभी राहिले, माझ्या हिरव्या कोटात, क्लबाचा बिल्ला लावून. मुद्दाम. झेंडा दारिओने चोरून दिला असे कुणी म्हणायला नको होते. समोर माझे निम्मे विद्यार्थी उभे होते, त्यांनी मला ओळखले. आधी शिव्या आल्या, ज्या मी वर्गात कधी ऐकल्या नव्हत्या. मग त्यांचे ढोल एकेक करून थांबले. कुठल्याही मैदानावर एवढी शांतता मी बाबांच्या वेळीही ऐकली नव्हती.

मग ते एकमेकांवर तुटून पडले. झेंडा बाईकडे ठेवला कुणी, नेस्तोरने, असे झाले. त्याच्याच माणसांनी त्याला कठड्यावरून खाली ओढले, बाटलीने कान कापला, तीन बरगड्या मोडल्या. ज्याने घण घातला होता त्याला त्याच्याच भावाने भोसकले. दोघे जगतील. टोळी मात्र संपली. नियम त्यांचाच होता, आणि बाकी काही नाही तरी तो त्यांनी पाळला. त्यानंतरच्या रविवारी आपल्या गोलामागच्या पायऱ्या मोकळ्या होत्या.

दारिओ सगळा वेळ एवारिस्तोच्या जागेवर बसला होता. त्याला कुणी हात लावला नाही. सगळ्यांचा राग काढायला मी एकटी पुरेशी होते.

माझे पुढचे दार जाळले. खिडक्यांना आता पुठ्ठे आहेत. क्लबाने माझे नाव काढून टाकले, जन्मापासूनचे. मैदानाच्या खांबावरची बाबांच्या नावाची पाटी उपटून माझ्या अंगणात फेकली. ती मी धुऊन स्वयंपाकघरात लावली आहे. बेकरीवाली आता मला पावच देत नाही, म्हणून घरी भाजते. तिच्यापेक्षा चांगला होतो.

नेस्तोरला इस्पितळात जाऊन भेटले. एवारिस्तो होता त्याच वॉर्डात आहे. लहान पोरासारखा रडला. म्हणाला की बाई, दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजलो असतो, तुम्ही? मी त्याला म्हटले की कासिमिरोच्या मुलाला मारून आलास तेव्हा माझ्या घरात हात न धुता जेवला होतास. मग त्याला सूप भरवले. हात पट्ट्यांत बांधलेले होते त्याचे.

लालांच्या बायकांनी मला एक लाल मफलर पाठवला. चुलीवरचे भांडे उतरवायला उपयोगी पडतो. कासिमिरो म्हणाला की आमच्यात येऊन बसा, तुमच्यासाठी जागा करतो. मी नको म्हटले. मी कुणाची झाले नाही, निदिया. तू मागितलेस ते दिले, पण जे माझे आहे ते बदलून घेता येत नाही मला, आणि घ्यायचेही नाही.

या रविवारी आपला सामना बाहेरगावी होता. मी पुठ्ठे नीट बसवले, रेडिओ अगदी हळू लावला आणि कणीक मळत ऐकत होते. शेवटी शेवटी आपण गोल केला. मी कणकेत दोन्ही मुठी दाबून उभी राहिले, आवाज केला नाही. तेवढ्यात पलीकडून टेबलावर ठकठक ऐकू आली. दारिओ बसला होता, भिंतीकडे तोंड करून, आणि डाव्या हाताच्या बोटांनी लाकडावर आपला जुना ताल वाजवत होता. बरोबर वाजत नव्हता. मी थांब म्हटले नाही.

पुढच्या महिन्यात तू ये. डाग पुसून ये. आणि मनात माझी जागा होती तिथेच धरून ठेव.

तुझी ताई,
सुलेमा