आईची कबर, मावशीची जागा

५ एप्रिल २०२३, बुधवार
चिंगमिंग, पितरांच्या कबरी साफ करायचा दिवस. सकाळी सहाला टेकडीवर. आईच्या कबरीवर कमरेएवढं गवत! एकटीने कापलं. अक्षरं रंगवली, संत्री ठेवली, कागदी कपडे जाळले. चोपन्न वर्षं झाली ती जाऊन. मी तेव्हा सात वर्षांची.

मग उन्हातान्हात नव्या दफनभूमीत, बाबांकडे. एकाच दगडावर दोन नावं — बाबांचं सोनेरी, मावशीचं, म्हणजे सावत्र आईचं, लाल, कारण ती अजून जिवंत आहे. चांगली ठणठणीत आहे. बाबांना जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या आईच्या सवतीचं नाव दरवर्षी मीच लाल करते!

टेकडीच्या फाटकावर नोटीस लागली आहे. रस्ता रुंद होणार. मेअखेरपर्यंत ज्यांच्या कबरी कुणी हलवणार नाही, त्यांची हाडं जाळून राख समुद्रात.

९ एप्रिल, रविवार
वही घेऊन पुन्हा टेकडीवर. सगळं जाण्याआधी जमेल तेवढं उतरवून ठेवते. कॉलऱ्याच्या साली गेलेल्यांची एक अख्खी रांग, वरून खालपर्यंत एकच महिना. कथिलाचा एक व्यापारी तीन बायकांच्या मधोमध. एका बाईला तर नावच नाही — नुसती ‘लिम घराण्याची सून’. पेनांगमध्ये कोण चीनमधल्या कुठल्या गावाहून आलं, कुणी किती बायका केल्या, सगळं इथे वाचायला मिळतं. घरातली माणसं काय वाट्टेल ते सांगतील, दगड खोटं बोलत नाहीत.

कबरी सांभाळणारे थोंगकाका म्हणाले, “तुझ्या बापाला इथे कधी बघितला नाही हं. एकदासुद्धा.”

माहीत आहे. वर्षाच्या आत मावशीला घरात आणली ना त्यांनी! आई इपोहच्या इस्पितळात टायफॉइडने गेली, पेटी बंद आली, मला तोंडही बघू दिलं नाही. हे मी विसरणार नाही.

१६ एप्रिल, रविवार
मावशीला तोंडावर सांगितलं — आईची हाडं काढून बाबांशेजारी ठेवणार. ती जागा आधी तिची आहे.

वाटलं होतं, थयथयाट करेल. भात चिवडत बसली. मग म्हणाली, “जागा घे. मला कुठेही टाका. पण सुआन, ती कबर उघडू नकोस.”

“का? मेल्यावरही तिचा जाच होतो का तुम्हाला?”

“उघडू नकोस गं.”

एकोणऐंशी वर्षांची झाली, पण मत्सर काही सुटत नाही.

१७ एप्रिल
अर्ज भरला. नातं : मुलगी. फार बरं वाटलं लिहिताना.

२० मे, शनिवार
लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

सकाळी सातला खणायला सुरुवात. रीतीप्रमाणे मी आधी हाक मारली, “आई, ऊठ, घर बदलायचंय.” हाडांवर ऊन पडू नये म्हणून काळी छत्री उघडून उभी राहिले. पेटीचं झाकण कुजलेलं. खणणारा खाली वाकला, बराच वेळ चाचपत राहिला. मग वर बघून म्हणाला, “बाई, हाडं नाहीत. विटा आहेत.”

नऊ विटा. वजनाला! एक कंगवा, ब्लाउजची बटणं, रबरी चपला. थोंगकाका पुटपुटले, “कपड्यांची कबर. माणूस हाती लागला नाही की करतात.”

मी छत्री धरूनच उभी. विटांवर सावली.

२१ मे, रविवार
मावशीसमोर बटणं ठेवली. ती रडली. मी नाही.

“ती मेली नव्हती. सायकली दुरुस्त करणाऱ्याबरोबर गेली, तैपिंगला. तुझ्या बाबांचा पट्टा तू कुठे पाहिलास! आधी तिने खाल्ला, मी आल्यावर मी. घराची अब्रू जाऊ नये म्हणून त्यांनी पेटी पुरली. तिची पत्रं यायची, तुला मागायची. दोन वर्षं. मग बंद झाली.”

“बाबा गेल्यावर तरी सांगायचं!”

“मला शिव्या घालत तू उभी राहिलीस, सुआन. त्यासुद्धा काढून घेतल्या असत्या तर तुझ्याकडे काय राहिलं असतं?”

कपाटातून एक पाकीट काढून दिलं. मागे पत्ता. बाबांनी जाळायला दिलेल्या पत्रांतलं हे एकच तिने लपवून ठेवलेलं.

मला कुणाचीच कीव येत नाही. आईची तर अजिबात नाही. तीन तासांच्या वाटेवर राहून बाई एकदा आली नाही!

२४ मे
जाणार नाही.

२७ मे, शनिवार
तैपिंग. दुकान अजून सायकलींचंच. वरच्या खोलीचं दार तिनेच उघडलं. चौऱ्याऐंशीची, वाकलेली. मी नाव सांगितलं तशी खुर्चीचा हात धरून खाली बसली. भिंतीवर माझा फोटो — दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. खाली वाटीत उदबत्त्यांची राख. मोठ्यांनी लेकराला उदबत्ती लावायची नसते आमच्यात. तिने लावली होती.

“तुझ्या बाबांचं पत्र आलं होतं,” ती म्हणाली. “तू तापाने गेलीस म्हणून.”