सहाव्या गाण्यातला आवाज

प्रिय जेफ्री,

मी अजून बहारीनलाच आहे, मुहर्रकमधल्या त्याच खोलीत. विमानं डोक्यावरून जातात तेव्हा कपाटातल्या बश्या अजूनही वाजतात. हॉटेलात मी हाउसकीपिंगची सुपरवायझर झालेय. तुझ्या जागी साउंडला विनीत आलाय. माइक शिट्टी मारायला लागला की सगळे तुझी आठवण काढतात. मीही काढायचे. पॅरिसच्या स्टुडिओत सहा महिने काम करून येतो म्हणालास. त्याचं वर्ष झालं, मग फोन बंद झाले. तरी मी कोणाला तुझ्याबद्दल वाकडं बोलू दिलं नाही. कामात असेल माणूस, म्हणायचे.

आई व्हिजिट व्हिसावर आली होती, ते विसरला नसशील. भुईगावची वाडी सोडून ती पहिल्यांदाच कुठे बाहेर पडली होती. तुला जेवायला बोलावलं आणि जावयाला वाढावं तसं वाढलं. ओट्यापाशी उभी राहून ती मोगरा खुडतानाचं आपलं गाणं गुणगुणायला लागली, तसा तू धावत जाऊन रेकॉर्डर आणलास. "आई, परत म्हणा ना," म्हणालास. ती लाजली, पण म्हणाली. मधेच कुकरची शिट्टी झाली. "व्हॅली, गॅस बारीक कर गं," म्हणून हसली आणि तशीच पुढे गात राहिली.

आठ महिन्यांनी ती गेली. तिला माती देऊन मी परत आले आणि तुझ्याकडे फक्त ते रेकॉर्डिंग मागितलं. लॅपटॉप बिघडला, सगळं पुसलं गेलं, असं सांगून तू रडायला लागलास. मीच तुला पाणी आणून दिलं. जाऊ दे, तू मुद्दाम थोडंच केलंस, असंही मीच म्हटलं. त्यानंतर महिन्याभरात तू पॅरिसला गेलास.

मागच्या महिन्यात रिसेप्शनवरची सुमय्या मला गाडीतून घरी सोडत होती. सोलेन वार्दी नावाच्या फ्रेंच पॉप गायिकेचं तिला वेड आहे. "हा तिचा दुसरा अल्बम, पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला," म्हणत तिने तो लावला. मला शब्द कळत नव्हते, पण आवाज गोड होता. सहावं गाणं सुरू झालं. पियानो, मग ती गायिका, आणि तिच्या मागून माझी आई. सुमय्याने विचारलं, "ही बाई कुठल्या भाषेत गातेय?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. ती बरी ठेवलीत तुम्ही! "गॅस बारीक कर गं" हेही ठेवलंत. 'व्हॅली' तेवढं कापलंत. सुमय्याने गाडी बाजूला घेतली आणि मी गाडीतच ओक्साबोक्शी रडले. मग तिने फोनवर अल्बमची माहिती काढून वाचली. रेकॉर्डिंग करणारा म्हणून तुझं नाव होतं. तुला पॅरिसची नोकरी कशाच्या जोरावर मिळाली, ते मला तेव्हा कळलं.

परवा तिथल्या रेकॉर्ड कंपनीचं पाकीट आलं. त्यात आईची वारस म्हणून माझी संमती मागणारा कागद होता, आणि तुझी चिठ्ठी: "व्हॅल, प्लीज, लवकर सही कर." तीन वर्षांनी तुझी ही एक ओळ! मी कागद फाडणारच होते. त्याआधी पप्पांना फोनवरून गाणं ऐकवलं. ते म्हणाले, "परत लाव." पाच वेळा लावलं. मग म्हणाले, "ऐकू दे गं लोकांना. पण तिचं नाव लिही." म्हणून सही करून कागद या पत्रासोबत पाठवतेय. त्यात 'अज्ञात स्त्री' असं छापलंय, ते खोडून मी 'फिलोमिना बस्त्याव तुस्कानो, भुईगाव, वसई' असं लिहिलंय. तुझ्याकडचं अख्खं रेकॉर्डिंग पप्पांना पाठव. माझ्या पत्त्यावर काही पाठवू नकोस. तुझं पाकीट मी आता उघडणार नाही.

तुझीच म्हणवत नाही,
व्हॅलेरी