लताबाईची किडनी

मी, गिरधर पुना महाजन, वय ५४, राहणार चोपडा, धंदा शेती, शुद्धीवर राहून आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणी दडपण आणलेलं नाही. माझ्यावर दडपण आणेल अशी एकच होती, ती गेल्या साली वारली.

१) राहतं घर मुलगा वना आणि मुलगी सुनंदा यांना समान. लेकीला कशाला, असं ज्याला विचारायचं असेल त्याने आपल्या घरी विचारावं.

२) विहिरीखालचा केळीचा मळा वनाला. घड कापायचा विळाही त्यालाच. मुठीची निळी चिंधी लताबाईने बांधलेली आहे, ती सोडू नये.

३) माझ्या उजव्या कुशीतली किडनी माझी नाही, म्हणून ती कोणाच्या नावे करता येत नाही. ती पत्नी लताबाईची. १९८६ साली माझ्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा ती म्हणाली, "माले दोन किडन्या शेतस, एक तुम्ही ल्या." मुंबईहून ऑपरेशन करून परतलो तर जळगाव स्टेशनवर शेजारी गफूर भरीत-पुरीचा डबा घेऊन उभा. मला तिखट बंद होतं, तरी तिने बोटभर चाखवलं. ती चव अजून जिभेवर आहे. तिची फार आठवण येते.

४) ऑपरेशनआधी तिच्या किडनीवर दोन-तीन पाण्याचे फोड दिसले होते. घराण्यात हा आजार कोणाला होता का, असं डॉक्टरांनी तिचा भाऊ तोताराम याला विचारलं. तो "नाही" म्हणाला. त्यांची आई झुंबरबाई अंगभर सूज येऊन याच आजाराने गेली होती. नऊ वर्षांनी सोनोग्राफी केली तर लताबाईच्या उरलेल्या किडनीत आणि माझ्यातल्या किडनीत सारखेच फोड भरलेले. तिच्या रक्तातला आजार किडनीबरोबर माझ्याकडे आला. मला दिली नसती तर ती अजून काही वर्षं जगली असती. तोताराम रडत म्हणाला, "धाकलीनं लगीन जमेल व्हतं, कसं सांगू?" त्याच्या धाकट्या लेकीचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. तो राग मी सोडलेला नाही.

५) हा धोका वना आणि सुनंदालाही निम्मा आहे. दोघांनी तपासून घ्यावं. सुनंदाचं जमवताना सुपारी फुटण्याआधी पाहुण्यांना सगळं सांगावं. नकार आला तर येऊ द्यावा. सांगायला तोतारामने बसावं, मामाचा मान त्याचाच आहे.

६) तोतारामला काही देत नाही. साक्षीदाराची एक जागा त्याच्यासाठी ठेवली आहे. कलम चार खरं असेल तर त्याने सहीवर तसं लिहावं.

स्थळ : चोपडा
ता. ९ मार्च १९९७
सही : गिरधर पुना महाजन

साक्षीदार :
१) गफूर शेख, शेजारी

२) झुंबरबाई माझी आई. तिला हाच आजार होता. मला माहीत होतं.
तोताराम चौधरी