आईचा आग्रह

दादा,

तुझी लाडकी गाय व्याली. कालवड धडधाकट आहे, पण गाय उठत नाही. चाऱ्याकडे बघत नाही, तोंडाला कुजक्या फळासारखा गोडसर वास येतो. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "व्यायच्या आधी दूध काढणं थांबवल्यापासून फार खायला घातलंत. चरबी यकृतात उतरलीय. आता आशा ठेवू नका."

तू घर सोडलंस आणि आईने तुझ्या वाटणीचा आग्रह या गाईला केला. पाटीभर पेंड, वर आणखी ओंजळभर. मी टोकलं की म्हणायची, "दोन जिवांची आहे, खाऊ दे."

आता आई गाईच्या गळ्यात हात घालून मला विचारते, "माझं काय कमी पडलं गं?"

हे पत्र टाकणार नाही. तू थोडाच येणार आहेस. पण तू गेलास तेव्हाही तिने हेच विचारलं होतं, आणि तेव्हाही मी गप्पच बसले.

तुझी धाकटी