सरांचा पाय

तीर्थरूप आत्या,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार (डाव्याला जरा जास्त, तो दुखतो म्हणून). प्रवास नीट झाला ना? मी इथे मजेत आहे आणि ती सगळी तुझी कृपा. माझा प्रबंध बुडता बुडता वाचला, आत्या!

गेल्या आठवड्यात तू प्रयोगशाळेत आलीस तेव्हा आम्ही नक्की काय करतो ते तुला कळायचं राहूनच गेलं (सर तासभर समजावत होते, पण तुला डुलकी लागली). धातूच्या पृष्ठभागावर एकच रेणू बसवायचा आणि त्याच्यावर, अजिबात न टेकवता, एक सुई धरायची. मधल्या फटीतून खरं तर वाटच नसते, तरी इलेक्ट्रॉन पलीकडे निसटतात. जाता जाता एखादा इलेक्ट्रॉन रेणूला धक्का देतो, रेणू थरथरतो आणि विजेच्या प्रवाहात इवलासा फरक पडतो. त्यावरून रेणू कुठला आणि कसा बसलाय ते ओळखायचं. एवढ्यासाठी माझी पाच वर्षं गेली. यात बाहेरचं काहीही हललेलं चालत नाही.

आणि आमच्याकडे दोन महिने काहीतरी हलत होतं. मी पंप बंद केले, लिफ्टवाल्याच्या हातापाया पडलो, वरच्या मजल्यावरच्या ग्रंथपाल बाईंना अनवाणी चालायला लावलं (त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत). यंत्र गार ठेवणाऱ्या हेलियमची शेवटची टाकी उरली होती, आणि पुढची येईपर्यंत माझी मुदतच संपणार होती. शेवटी एका दुपारी टेबलाखाली पाहिलं, तर सरांचा पाय! विचार करताना ते गुडघा नाचवतात. तो टेबलाला लागत असणार, आणि टेबलावरून यंत्राची तार गेलेली. पण प्रबंधावर सही करणाऱ्या माणसाला कोण सांगणार?

आणि तू! डुलकीतून जागी झालीस आणि चाळीस वर्षं वर्गावर चालवलेल्या आवाजात कडाडलीस, "पाय हलवू नका!" सरांनी पाय जवळ घेतले (हाताची घडीसुद्धा घातली). पडद्यावरची प्रवाहाची रेघ शांत झाली आणि तिच्यातून रेणूची थरथर छान उंचवट्यासारखी वर आली. मला अक्षरशः रडू फुटलं. जे मला दोन महिन्यांत जमलं नाही ते तू तीन शब्दांत केलंस. हे मी जन्मभर विसरणार नाही.

तुझा ऋणी भाचा

ता. क. सर तुझी रोज आठवण काढतात. हल्ली मोजमाप सुरू झालं की ते दोन्ही पाय मफलरने खुर्चीला बांधून घेतात.

ता. क. २. काल सर परगावी होते. मी एकटाच बसलो होतो आणि रेघ पुन्हा थरथरू लागली. खाली पाहिलं, तर पाय माझा. (तू कडाडलीस तेव्हा दचकून तोही थांबला असणार.) सरांच्या गुडघ्यापासून टेबल वीतभर लांब आहे, आज मोजून पाहिलं. तेव्हा कृपा करून सरांना चार ओळी लिही आणि मफलर सोडायची परवानगी दे. तुझ्याशिवाय ते कुणाचं ऐकायचे नाहीत. माझ्या पायाचं मात्र काही कळवू नकोस, सही अजून व्हायची आहे.